‘तदा’ सोडलंस तू

फोंड्याजवळ बांदोड्याला एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही दहा-बारा जणं जमतो आणि केशवसुत वाचतो. दुसरं काही नाही, फक्त केशवसुत. गेली तीन वर्षं. कोणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे ते तुतारीवाले ना? आणि दुसरा, तीन वर्षं पुरतील एवढ्या कविता आहेत त्यांच्या? तर नाहीत. सगळ्या मिळून दीडशेच्या आत. माणूस एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, स्वतःचं पुस्तक हातात घेऊन बघायला मिळालं नाही त्याला, कविता करमणूक, काव्यरत्नावली, मनोरंजन अशा अंकांतून पसरलेल्या, त्या मागाहून हरिभाऊ आपट्यांनी गोळा करून छापल्या. पण आमच्याकडे एकेक कविता दोन-दोन महिने चालते, कारण एकजण वाचतो, मग दुसरा म्हणतो थांब मला वाचूदे, मग तिसऱ्याला एखादा शब्द अडतो आणि त्या शब्दावरून कोणाची तरी आजी आठवते, तोवर सात वाजतात, देवळातली घंटा ऐकू येते आणि फोंड्याची बस चुकेल म्हणून अर्धी माणसं उठतात.

सरांचं घर जुनं आहे, मंगळुरी कौलांचं, पुढे बाल्कांव म्हणजे ओसरी आणि त्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचे सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, त्यावर आम्ही दाटीवाटीने बसतो. चहा असतो, पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कांकणं असतात, ते गोल कडक पाव. फार्मसी करणारी एक पोर आहे, एक नर्स आहे, दोन गृहिणी आहेत, एकजण कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, ड्रायव्हर आहे, एकाचं म्हार्दोळला हार्डवेअरचं दुकान आहे. आणि माझे बाबा आहेत, वय एकोणऐंशी, ते खुर्चीवर बसतात आणि सहसा काही बोलत नाहीत.

गोव्यात कविता म्हटली की पहिलं नाव बाकीबाबांचं निघतं, आणि ते बरोबरच आहे, बोरकर आमच्या रक्तातले, कुडचड्यात जन्मले, बोरीत वाढले, त्यांच्या ओळी आमच्या लग्नपत्रिकांवर छापतात. केशवसुत तसे लांबचे. मालगुंडचे, रत्नागिरीकडचे, ब्रिटिश मुलखातले, आणि आम्ही तेव्हा पोर्तुगिजांकडे. पण लांबचे म्हणावेत तर तेही नाही. एकच किनारा, तीच तांबडी माती, तोच पाऊस. आमच्या घरात बोलणं कोकणीतून, आरत्या मराठीतून, ऑफिसात इंग्रजी, आणि मनात एखादी गोष्ट रुतली की ती कुठल्या भाषेत रुतली ते सांगता येत नाही. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि त्यानंतर गोव्यातल्या हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला, गावोगावी मराठी शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या देवळाच्या अग्रशाळेत. सरांकडे केशवसुतांच्या कवितांची जी जुनी प्रत आहे ती त्यांच्या आजोबांनी बेळगावहून आणलेली. पुठ्ठा गेलाय, पानं हात लावला की तुटतात, म्हणून सर ती उघडून फक्त दाखवतात आणि आम्ही वाचतो झेरॉक्सवरून.

मला शाळेत तुतारी होती. कुठली शाळा ते सांगत नाही, पण आमच्या बाईंनी ती कविता एकदाही मोठ्याने वाचली नाही. फळ्यावर शब्दार्थ लिहिले, मग संदर्भासह स्पष्टीकरण डिक्टेट केलं, मग रस कोणता, वीररस, अलंकार कोणता, आणि झालं. ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने’ ही ओळ मी परीक्षेत अचूक लिहिली आणि ती ओळ तोंडाने म्हणायला केवढा श्वास लागतो ते मला तिशीनंतर कळलं. स्वप्राणाने म्हणजे काय ते कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे अर्थ सांगितला होता, स्वतःच्या प्राणाने, पण तुतारीत फुंकायला माणसाकडे दुसरं काही नसतंच, छातीतली हवा फक्त, ती संपली की संपला, हे कोणी सांगितलं नव्हतं. आजही गॅदरिंगला मुलं ती कविता ओरडून म्हणतात, रीलवर मागे ढोल लावून म्हणतात, मला त्याचं वाईट वाटत नाही, ती आहेच तशी, मिरवणुकीत चालेल अशी. १८९३ साली कोणी ‘जुने जाउ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका’ असं लिहितो म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या लोकांची तोंडं कशी झाली असतील. पण लोक तिथेच थांबतात. पोस्टरवर तुतारी, भाषणाच्या शेवटी तुतारी, आणि त्या तुतारीच्या आवाजात बाकीचे केशवसुत ऐकूच येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्यामुळे लोक त्यांच्यावर जीव लावतात तो कवी निराळा आहे, तो रात्री एकटा रस्त्यावरून हिंडतो.

पण आधी चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं सांगते, कारण मला केशवसुत पहिल्यांदा भेटले ते चवथीला.

आमच्या मूळ घरी अजून राजांगण आहे, म्हणजे घराच्या मधला चौक. चवथीला सगळे भाऊबंद एकत्र, वर माटोळी बांधलेली, तिला भोपळे, नारळ, सुपारीचे घोस, कांगलां, नाना रानफळं, त्याखाली गणपती, आणि दुसऱ्या रात्री आरत्या आटपल्या की बायकांच्या फुगड्या. मी तेव्हा कॉलेजात. त्या वर्षी आमच्या अभ्यासाला ‘झपूर्झा’ लागली होती आणि वर्गात सगळ्यांचं एकमत होतं की या कवितेत काही कळत नाही, गाईडमध्ये गूढवाद असं लिहिलं होतं, आम्ही ते पाठ केलं होतं. तर त्या रात्री आई आणि माझी धाकटी आते फुगडीला उभ्या राहिल्या. आई तेव्हा पन्नाशीची, गुडघे दुखायचे तिचे, बाबा म्हणत होते पुरे आता. तिने पदर खोचला, हात क्रॉस करून आतेचे धरले, दोघींची पावलं मधे एकमेकींना चिकटलेली, अंग मागे टाकलेलं, आणि सुरू झाल्या. आधी सावकाश. मग तोंडाने फू, फू, आणि वेग वाढत गेला तसं लुगड्यांचे रंग एकमेकांत मिसळले, हिरवं कुठलं नि तांबडं कुठलं कळेना, पावलं दिसायची बंद झाली, मला आठवतंय जमिनीवर शेणाने सारवलेलं होतं आणि त्यावर दोघींच्या टाचांनी एक वाटोळा खड्डा पडत चालला होता, नुसता टाचांचा सरसर आवाज आणि फू. आजूबाजूच्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या त्याही थांबल्या. मग एकदम त्या सुटल्या. आते खाली बसली. आई खांबाला धरून उभी, डोळे मिटलेले, घामाने कुंकू खाली आलेलं, आणि म्हणते, कांयच दिसना गो म्हाका. आणि हसत होती. असं हसताना मी तिला नंतर फार कमी बघितलं.

झपूर्झा हा शब्दच मुळी पोरींच्या खेळातला. झिम्मा खेळताना पोरी म्हणतात जा पोरी जा, ते भराभर म्हणा, अजून भराभर म्हणा, की त्याचा झपूर्झा होतो. केशवसुतांनी तो खेळातला अर्धवट शब्द उचलला, ज्याला अर्थच नाही, आणि तो मराठी कवितेच्या मधोमध ठेवला. ‘हर्षखेद ते मावळले, हास्य निमालें, अश्रु पळाले’ आणि थोडं पुढे ‘कांही न दिसे दृष्टीला, प्रकाश गेला, तिमिर हरपला, काय म्हणावें या स्थितीला? झपूर्झा! गडे झपूर्झा!’ मी त्या रात्री माडीवर जाऊन वही काढली आणि ते वाचलं आणि मला रडायला आलं, कारण खाली आई तेच म्हणाली होती, कांयच दिसना. प्रकाशही नाही आणि काळोखही नाही. गाईडवाल्याने एकदा तरी चवथीला कोणाच्या राजांगणात येऊन बसायला हवं होतं.

हे मी बांदोड्याला सांगितलं तेव्हा आमची फार्मसीवाली पोर उठून उभी राहिली आणि म्हणाली मावशी, उठ, आणि त्या बाल्कांवात, चहाचे कप बाजूला करून, आम्ही दोघींनी चार गिरक्या घेतल्या. हार्डवेअरवाले जोरजोरात झपूर्झा म्हणत होते. वाचन असं पण असतं.

आता हुबळीचं.

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचं निघालं. आमच्याकडे त्या वेळी कोणी सांगितलं हुबळीला चांगले डॉक्टर आहेत, ओळखीच्या एकाचं ऑपरेशन तिथेच झालं होतं, तर जायचं ठरलं. बाबा म्हणाले मी कारने जाणार नाही, घाटात मला उलटी होते, गाडीने जाऊ. म्हणून कुळें स्टेशनावर पहाटे जाऊन बसलो. वास्कोहून हावड्याकडे जाणारी गाडी तिथे येते आणि थांबून राहते, कारण पुढे घाट आहे, मागून आणखी इंजिनं जोडावी लागतात. चढ सदतीसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे सरकलं की एक फूट वर. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा हा मार्ग १८८८च्या सुमाराला चालू झाला, आणि बाबा, जे खाणीवरच्या ऑफिसात पस्तीस वर्षं टाईमकीपर होते, त्यांना या मार्गाचं सगळं तोंडपाठ, बोगदे किती, पूल किती, ते मला सांगत होते आणि मी हो हो म्हणत होते कारण माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं, निळे पडतात का बघ असं डॉक्टरने सांगितलेलं. दूधसागर आला तेव्हा सगळा डबा एका बाजूला गेला फोटो काढायला. बाबा उठले नाहीत. खिडकीत कोणी दुसरंच बसलं होतं.

हॉस्पिटलचं नाव घालत नाही. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली, का ते कोणी नीट सांगितलं नाही, काउंटरवरचा माणूस कन्नडमधून बोलायचा आणि मी मान हलवायचे. भाऊ दुबईहून निघालेला, पोचलेला नव्हता. तिसऱ्या रात्री नऊ-साडेनऊला मी खाली आले, चहा प्यावा म्हणून, आणि मग हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतून चालतच सुटले. मला कुठे जायचं नव्हतं. अनोळखी गाव, दिवे कमी, पायाखाली खडी. मनात काय काय येत होतं ते इथे लिहीत नाही, पण चांगलं काही येत नव्हतं. आणि चालता चालता पायांच्या ठेक्यावर आपोआप तोंडात आलं,

काळोखाची रजनी होती, हृदयी भरल्या होत्या खंती...

‘सतारीचे बोल’. १९०० सालची. एक माणूस रात्री विमनस्क हिंडतोय, वरचे तारे त्याला दिसत नाहीत कारण सगळं लक्ष अंधारात, आणि एका खिडकीतून सतारीचा आवाज येतो, दिड दा, दिड दा, दिड दा. आता कोणी दुसरा कवी असता तर पुढच्याच कडव्यात त्याला बरं वाटलं असतं. इथे तसं होत नाही. त्याला त्या आवाजाचा राग येतो. सोसाट्याचं वादळ आलं असतं तर चाललं असतं, भुतं आरडली असती तर ती आवडली असती, पण सतार नको. ज्याने कधी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून शेजारच्या लग्नाचा बँड ऐकलाय त्याला हे समजावून सांगायला नको. माणूस दुःखात असताना त्याला सुंदर गोष्ट आधी टोचते. हे लिहायला धीर लागतो, कारण कवीने कसं, लगेच सुंदरतेच्या बाजूने बोलायचं असतं. केशवसुत आधी आपल्या बाजूने उभे राहतात. मग हळूहळू, कडव्यामागून कडवं, ती सतार वाजतच राहते, आर्जव करत नाही, उपदेश करत नाही, खिडकीच्या आत कोण वाजवतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही, आणि त्या माणसाचा राग ओसरतो, रडू येतं, मग धीर येतो, मान वर होते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच दिड दा, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं ऐकू येतं. सतार तीच. कान बदलत जातात.

मला काही सतार ऐकू आली नाही. एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत ट्यूबलाईट होती आणि आतून एक बाई लहान मुलाकडून पाढे म्हणून घेत होती. कन्नडमधून. मला कन्नड येत नाही, पण पाढ्याचा ठेका कुठल्याही भाषेत तोच असतो, नाल्कु, आरु, एंटु, हत्तु, आणि पोर मधेच अडखळलं की बाई पहिल्यापासून. परत नाल्कु, आरु, एंटु. पोराला झोप आलेली, आवाजावरून कळत होतं. मी खाली उभी राहिले. दहा मिनिटं असेन. मला तेव्हा कशाने बरं वाटलं ते आत्ताही नीट सांगता येणार नाही, एवढंच की जगात कुठेतरी कोणाचा तरी दोनचा पाढा पुरा व्हायचा होता आणि तो होईपर्यंत मला तिथून हलायचं नव्हतं. झाला तो. लाईट गेली आतली. मी परत आले.

बाबा जागे होते. नाकात नळी. मी त्यांना सांगितलं खिडकीचं, पाढ्यांचं, आणि मग उगाच, बोलायला काहीतरी म्हणून, ती कविता म्हणायला लागले. बाबा पेपर वाचतात, तोही निधनवार्ता आणि सुपारीचे भाव, त्यांना कवितेचं काही असेल असं मला चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, रस्त्यातुनि मी होतो हिंडत, एका खिडकीतुनि सुर पडले. तर बाबा डोळे मिटूनच म्हणाले,

तदा सोडलें गो तुवें.

मी म्हटलं काय?

‘एका खिडकीतुनि सुर तदा पडले.’ तदा सोडलंस तू. तदा नसला तर ते दिड दा बसत नाही.

आणि मग त्यांनी ती पुढे म्हटली. सगळी नाही, मधे श्वास पुरेना, पण मला माहीत नव्हती अशी कडवी त्यांना माहीत होती. पोर्तुगिजांच्या काळात गावातल्या मराठी शाळेत त्यांचे एक मास्तर होते, ते संध्याकाळी मुलांना अंगणात बसवून कविता गाऊन शिकवायचे, भूगोल नसला तरी चालेल म्हणायचे, कविता नसली तर घरी जा. बाबा तिथे चौथीपर्यंत शिकले. त्या चौथीतून त्यांनी ही कविता साठ वर्षं आत ठेवली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही, मी विचारलं का नाही सांगितलं तर म्हणाले, कोणी विचारलं? ‘शान्तच वारे, शान्तच तारे’ इथपर्यंत आले आणि झोपले. नर्स येऊन म्हणाली काय भजन चाललंय. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून मोबाईलवर केशवसुतांविषयी वाचत होते, वेळ घालवायला, आणि तेव्हा डोळ्यांसमोर आलं की ते गेले हुबळीत. ७ नोव्हेंबर १९०५. मला हे कधीतरी माहीत असणार, परीक्षेत लिहिलंही असेल, पण तारीख माहीत असणं वेगळं आणि त्याच गावात बाबांच्या रिपोर्टची वाट बघत बसलेलं असताना ते वाचणं वेगळं. मुंबईत प्लेग आला म्हणून ते तिथून निघाले, खानदेशात गेले, फैजपूरला मास्तरकी केली काही वर्षं, १९०४ला धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले, वर्षभराने हुबळीला नातेवाइकांकडे म्हणून गेले आणि तिथे प्लेगनेच गाठलं. पाठोपाठ बायकोही त्याच आजाराने गेली. मॅट्रिक व्हायला त्यांना १८८९ साल उजाडलं होतं, वय तेवीस. उभा जन्म मास्तरकी आणि कारकुनी, आज या गावात उद्या त्या. ज्याने ‘आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे’ असं लिहिलं त्याला घरभाड्याची चिंता होती. आणि शेवटच्या वर्षाची कविता ‘हरपलें श्रेय’, त्रिखंड हिंडुनि धुंडितसें, न परि हरपलें तें गवसे. आमच्यातल्या नर्सला ही सगळ्यात जवळची. ती म्हणते नाईट ड्युटीला पहाटे चार वाजता वॉर्डमध्ये सगळं शांत असतं तेव्हा मला हीच आठवते, आणि पुढे काही सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

बाबांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. आम्ही सतराव्या दिवशी परत आलो, आणि बांदोड्याचे वाचन पुढे यातूनच निघाले, बाबांचे मित्र ते हेडमास्तर, ते बघायला आले होते आणि मी त्यांना तदाची गोष्ट सांगितली.

मी त्यांचं सगळंच डोक्यावर घेत नाही, हेही सांगते. सुरुवातीच्या कविता, रघुवंशाचं भाषांतर वगैरे, त्या मला जड जातात, वृत्तात बसवायला शब्द ओढूनताणून आणलेले दिसतात. काही ठिकाणी अक्षरशः ठेच लागते. सर म्हणतात की बाई, तो रस्ता तयार होत होता, खडी दिसणारच. असेल. इंग्रजीतली चौदा ओळींची कविता त्यांनी मराठीत आणली, जिला आपण सुनीत म्हणतो, ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे त्यांचं पहिलं, पण मला त्यापेक्षा ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ आवडते. घाटावर पोटासाठी राहणारा कोकणी माणूस नैर्ऋत्येच्या वाऱ्याशी बोलतो, कारण तो वारा त्याच्या घरावरून आलेला. आमच्याकडे जूनमध्ये पहिला तो वारा सुटतो, माडांचे शेंडे एका बाजूला वळतात आणि आई म्हणायची आला. माझा भाऊ दुबईत आहे, मी ती कविता त्याला व्हॉइस मेसेज करून पाठवली होती. त्याचं उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याने तिकीट काढल्याचा मेसेज आला.

एका रविवारी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ घेतली. १८८८ सालची, म्हणजे कवीचं वय बावीस. खेळणाऱ्या पोराची सावली पडते म्हणून त्याला हाकलतात, आणि ते पोर घरी येऊन आईला विचारतं, का. सरांनी वाचली. नंतर कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक बाई, साठीच्या, म्हणाल्या आमच्या लहानपणी देवळाच्या पायरीच्या खाली एक फरशी होती, आम्ही तिथपर्यंत. पुढे नाही. त्या एवढंच म्हणाल्या आणि पिशवीतून रुमाल काढला. हार्डवेअरवाले, ज्यांच्या घराण्याकडे त्या देवळाची महाजनकी, खाली मान घालून बसले होते. जाताना त्यांनी त्या बाईंना स्कूटरवरून घरी सोडलं. पुढच्या महिन्यात दोघं एकत्रच आले.

आणि कदंबचा ड्रायव्हर. तो पणजी-बेळगाव रूटवर असतो, चोर्ला घाटातून. सहावी-सातवीपर्यंत शिकलेला, वाचताना बोट ठेवून वाचतो. त्याला ‘नवा शिपाई’ दिली सरांनी, तर म्हणाला एवढी मोठी नको. तीन महिन्यांनी पुस्तक न बघता उभा राहून म्हणाला, ‘ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा’, आणि पुढे आलं ‘जिकडे जावें तिकडे माझी भावंडें आहेत’, तिथे थांबला. म्हणाला, सर, ही ओळ ड्रायव्हरची आहे. चोर्ल्यात बस बंद पडली की मी सुर्लात कोणाच्याही घरी पाणी मागतो, बेळगावात रात्री राहतो तिथली आजी मला भाकरी ठेवते, कधी जात विचारली नाही. हे ज्यांनी लिहिलं ते कधी बस चालवत होते काय? सर म्हणाले नाही, मास्तर होते. ड्रायव्हर म्हणाला, मग गावोगाव बदली होत असणार. सर माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं शिकवून, म्हणे, हे मला सुचलं नव्हतं.

या ७ नोव्हेंबरला आम्ही हुबळीला जातोय. बारापैकी नऊ जण, नर्सला सुट्टी मिळाली, ड्रायव्हरने ड्युटी बदलून घेतली. तिथे काही बघायचं असं ठरवलेलं नाही. रात्री जेवण झालं की कुठल्या तरी शांत गल्लीत उभं राहून ‘सतारीचे बोल’ म्हणायची, एक-एक कडवं एकेकाने, असं आहे. कडवी वाटून झालीत. पहिलं बाबांना दिलंय. ते गेले आठ दिवस रोज सकाळी दात घासताना म्हणतात, मला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि पोदेर भोंपू वाजवत येतो तेव्हा मधे थांबतात आणि त्याचा आवाज गेला की परत पहिल्यापासून.

काल तिकिटं आली. मी प्रिंट काढून बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, सगळ्यांचे सीट नंबर बघितले, आणि म्हणाले, या वेळी खिडकी माका जाय.